देणारा, घेणारा आणि वस्तू : स्पॅनिशमधील जोडीने येणारी सर्वनामे

निवासी शाळेच्या स्मरणिकेत स्पॅनिश व्याकरणावरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज ही भाषा शिकत आहेत, आणि त्यांच्या शंकांमध्ये एक शंका वर्षानुवर्षे तीच असते. स्पेन, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना अशा वीस देशांत स्पॅनिश ही कारभाराची भाषा आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत ती विद्यापीठाच्या वतीने शिकवली जाते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला तिचा उच्चार जड जात नाही. स्वर पाचच, त आणि द आपल्यासारखेच दंत्य, बहुतेक शब्द लिहिल्याप्रमाणे वाचावयाचे. मुले उत्साहाने पहिले काही महिने काढतात आणि मग 'मी ते त्याला दिले' या साध्या वाक्यापाशी येऊन थबकतात. या वाक्यात 'ते' आणि 'त्याला' अशी दोन सर्वनामे जोडीने येतात. त्यांची जागा, त्यांचा क्रम आणि त्यांचे बदलणारे रूप हा या लेखाचा विषय आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण यातील बराच भाग मराठीविषयीच आहे.

हा विषय केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. उद्या आपली एखादी मुलगी दुभाषी म्हणून रुग्णालयात उभी राहील. 'औषध कोणी कोणाला दिले?' असा प्रश्न येईल. 'से ला दी' म्हणजे 'मी ते त्याला दिले' आणि 'मे ला द्यो' म्हणजे 'त्याने ते मला दिले'. अक्षरे चार-पाच, फरक मात्र देणारा कोण आणि घेणारा कोण एवढा. पैसे, किल्ली, निरोप, औषध हे सारे एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्याची नोंद भाषा या लहानशा शब्दांत ठेवते.

प्रथम वाचनाची एक सोय सांगून ठेवतो. स्पॅनिश शब्द येथे देवनागरीत आणि अवतरणचिन्हांत दिले आहेत. त्यांतील काही शब्द मराठी शब्दांसारखे दिसतात आणि फसवतात. स्पॅनिश 'ते' म्हणजे 'तुला'. आपले 'ते' नव्हे. स्पॅनिश 'ला' हा आपला विभक्तिप्रत्यय नसून त्याचा अर्थ स्त्रीलिंगी 'ती' किंवा 'तिला' असा आहे, आणि नामापूर्वी तोच शब्द स्त्रीलिंगाची खूण म्हणून येतो. अवतरणातील शब्द स्पॅनिश समजून वाचला की गोंधळ होणार नाही.

आता मूळ मुद्दा. घरात आई विचारते, "बाईंना चिठ्ठी दिलीस का?" मुलगा उत्तर देतो, "दिली." एका शब्दाचे हे उत्तर मराठीत पूर्ण आहे. काय दिले, कोणाला दिले, हे पुन्हा उच्चारण्याची गरज आपल्याला वाटत नाही. हाच संवाद स्पॅनिशमध्ये असा होईल : 'ले दिस्ते ला कार्ता आ ला माएस्त्रा?' — 'सी, से ला दी.' येथे 'दी' म्हणजे 'मी दिले'. नुसते 'दी' म्हणून मुलगा थांबला, तर ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटते. काय दिले आणि कोणाला दिले, हे दोन्ही त्याला ऐकावयाचे असते. मराठी मुलाची चूक बहुधा येथे होते. त्याला सर्वनामे ठाऊक असतात, परंतु ती वापरण्याची जागा आली आहे हे ध्यानात येत नाही, कारण मातृभाषेत त्या जागी मौन चालते.

हे मौन रिकामे मात्र नाही. मराठीत 'डबा' म्हटला तर उत्तर 'दिला' येते, 'चिठ्ठी' म्हटली तर 'दिली', 'पुस्तक' म्हटले तर 'दिले'. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो : क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणजे 'दिली' या शब्दाच्या शेवटच्या ईकारात चिठ्ठीची आठवण साठवलेली आहे. स्पॅनिश क्रियापदाला हे काम येत नाही. 'दी' हे रूप वस्तू कोणतीही असली तरी तसेच राहते. म्हणून चिठ्ठीची आठवण ठेवणारा स्वतंत्र शब्द, 'ला', क्रियापदाच्या पुढे ठेवावा लागतो. मराठी ज्या ठिकाणी ईकार लावते, त्या ठिकाणी स्पॅनिश 'ला' लावते, आणि आकाराच्या ठिकाणी 'लो'. मला स्वतःला या विषयाची ही सर्वांत उपयोगी किल्ली वाटते. पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली असल्यामुळे ती तेथे सापडत नाही.

या किल्लीच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. 'मी चिठ्ठी देतो' असे वर्तमानकाळी वाक्य घेतले की क्रियापद कर्त्याच्या मागे जाते आणि चिठ्ठीची खूण नाहीशी होते. स्पॅनिशला मात्र 'से ला दोय' असे म्हणताना 'ला' हवाच. दुसरे, लिंग हे स्पॅनिश शब्दाचे धरावयाचे. 'पुस्तक' आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'लिब्रो' पुल्लिंगी, म्हणून 'लो'. 'पत्र' आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'कार्ता' स्त्रीलिंगी, म्हणून 'ला'. किल्ली दोन्हीकडे स्त्रीलिंगी, हा केवळ योगायोग.

यानंतर प्रत्यक्ष कर्म आणि अप्रत्यक्ष कर्म यांचा भेद. विभक्तीचे तक्ते ज्यांनी सकाळच्या अभ्यासाच्या तासाला मोठ्याने म्हटले आहेत, त्यांना 'स, ला, ते. स, ला, ना, ते' हे प्रत्यय आठवत असतील. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे प्रत्यय तेच. त्यामुळे 'मी पेद्रोला पाहिले' आणि 'मी पेद्रोला पुस्तक दिले' या दोन वाक्यांत 'पेद्रोला' दिसावयास सारखाच. पहिल्यात तो प्रत्यक्ष कर्म आहे, दुसऱ्यात अप्रत्यक्ष. येथे स्पॅनिश आपल्याशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. 'मी घर पाहिले' याला आपण 'ला' लावत नाही. स्पॅनिशही 'वी ला कासा' असेच म्हणते. माणूस आला की आपण 'पेद्रोला पाहिले' म्हणतो. स्पॅनिशही 'वी आ पेद्रो' म्हणून 'आ' हा शब्द मध्ये घालते. आणि ज्याला द्यावयाचे त्याच्यापुढेही हाच 'आ' येतो. इंग्रजीतून स्पॅनिशकडे आलेल्या विद्यार्थ्याला हा माणसापुढचा 'आ' स्वतंत्र पाठ म्हणून शिकावा लागतो. आपल्याला तो जन्मतः ठाऊक असतो.

परंतु जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये. सर्वनाम आले की स्पॅनिश भेद करते : 'लो वी' म्हणजे त्याला पाहिले, 'ले दी एल लिब्रो' म्हणजे त्याला पुस्तक दिले. मराठीतील 'त्याला' पाहून 'लो' की 'ले' हे ठरत नाही. परीक्षा अशी करावी : वाक्य 'गेला, गेली, गेले' लावून फिरवून पाहावे. 'पेद्रो पाहिला गेला' असे म्हणता येते, म्हणून तो प्रत्यक्ष कर्म. दुसऱ्या वाक्यात 'पुस्तक दिले गेले' असे होते. 'पेद्रो दिला गेला' असे म्हटले तर अर्थच बिघडतो, म्हणून तो अप्रत्यक्ष. स्पेनच्या मोठ्या भागात पुरुषाला पाहिले तरी 'ले वी' म्हणतात, आणि पुल्लिंगी एकवचनी माणसापुरती ती रीत स्पॅनिश अकादमीनेही मान्य केली आहे. शिकणाऱ्याने ती ऐकावी, ओळखावी, पण आरंभी स्वतः 'लो'च म्हणावे.

सर्वनामांची रूपे थोडी आहेत. 'मे' म्हणजे मला, 'ते' म्हणजे तुला, 'नोस' म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला, आणि स्पेनमध्ये अनेक सलगीच्या व्यक्तींसाठी 'ओस'. ही चारही दोन्ही कर्मांना सारखीच चालतात. भेद होतो तो तिसऱ्या पुरुषात : वस्तूसाठी 'लो', 'ला', 'लोस', 'लास', ज्याला द्यावयाचे त्याच्यासाठी 'ले', 'लेस'. दोन सर्वनामे एकत्र आली की घेणारा आधी, वस्तू नंतर. 'मे लो दास' म्हणजे तू मला ते देतोस. 'ते ला दोय' म्हणजे मी तुला ती देतो. 'नोस लोस दा' म्हणजे तो आम्हाला ते देतो. मराठीत 'मला ते दे' आणि 'ते मला दे' ही दोन्ही वाक्ये चालतात आणि जोर कशावर आहे त्याप्रमाणे आपण निवडतो. स्पॅनिशमध्ये ही निवड नाही. 'लो मे दास' असे कोणीही म्हणत नाही.

आता त्या प्रसिद्ध अडथळ्याकडे येऊ. 'ले' आणि 'लो' शेजारी आले की 'ले'चा 'से' होतो. 'लेस'चाही 'से'च होतो. म्हणून 'ले लो दी' हे अशुद्ध, 'से लो दी' हे शुद्ध. असे का, असे विचारल्यावर अनेक वर्गांत सांगितले जाते की दोन लकार जवळ आले तर कानाला बरे वाटत नाही. हे कारण मला कधी पटले नाही. स्पॅनिशमध्ये 'पारालेलो' म्हणजे समांतर, आणि 'लेलो' म्हणजे बावळट असे शब्द आनंदाने नांदत आहेत. खरे कारण इतिहासात आहे.

लॅटिनमध्ये 'त्याला ते' हे 'इल्ली इल्लुम' अशा दोन शब्दांनी सांगत. ते वेगाने बोलताना जोडले गेले आणि मधला लकार मऊ होऊन मध्ययुगीन कास्तिलियन भाषेत 'झेलो' असे रूप झाले. त्यातील झ हा 'झाड'मधील झपेक्षा मृदू, फ्रेंच वळणाचा. लकाराला मागून 'य'सारखा स्वर मिळाला की हेच होई : लॅटिन 'मुलिएर', म्हणजे स्त्री, हिच्या लकाराचाही पुढे असाच झ झाला. एल सिद या वीराच्या जुन्या काव्यात हे 'झे' सर्रास आढळते. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास स्पॅनिशमधील घर्षक ध्वनींची मोठी उलथापालथ झाली, आणि हा 'झे' स्वतःकडे निर्देश करणाऱ्या, आधीपासून असलेल्या 'से' या सर्वनामात मिसळून गेला. भगिनीभाषांत जुनी खूण अजून दिसते. इटालियन माणूस 'ल्येलो' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये 'ल्ये' आणि 'उ' मिळून 'ल्यु' होतो. गोव्यात ज्या जुन्या पिढीने पोर्तुगीज शाळेत व्याकरण घोकले, तिला हा 'ल्यु' ओळखीचा असेल. तेव्हा 'से लो' मधील 'से' हा वेषांतर केलेला 'ले' आहे, एवढे लक्षात ठेवावे. आरशासमोर स्वतःला पाहणाऱ्या 'से'शी त्याचे अर्थाचे नाते नाही.

या वेषांतराची किंमत भाषेला मोजावी लागली. 'से लो दी' म्हणजे त्याला दिले, तिला दिले, त्यांना दिले, तुम्हाला दिले, यांपैकी काहीही. मराठीत या चारही ठिकाणी चार वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला हे दारिद्र्य वाटते. संदर्भाने अर्थ कळत असेल तर स्पॅनिश बोलणारा काही करत नाही. कळत नसेल तर शेवटी पुस्ती जोडतो : 'से लो दी आ एल्या', तिला, 'से लो दी आ एल्योस', त्यांना. पुस्ती जोडली तरी 'से' काढावयाचा नाही. लॅटिन अमेरिकेतील लोकांनी अनेकवचनाच्या अडचणीवर आपला एक उपाय काढला आहे. घेणारे अनेक आहेत हे 'से'मध्ये दाखवता येत नाही, म्हणून ते ती अनेकवचनाची खूण शेजारच्या शब्दाला चिकटवतात. 'ही गोष्ट मी तुम्हा सर्वांना समजावून सांगितली' यासाठी गोष्ट एकच असतानाही 'से लोस एक्स्प्लिके' असे म्हणतात. व्याकरणाच्या काटेकोर हिशेबाने हे चूक ठरते, पण मेक्सिकोपासून दक्षिणेपर्यंत सुशिक्षित माणसे असे बोलतात आणि त्यामागची गरज खरी आहे. परीक्षेत 'लो' लिहावे आणि ऐकताना 'लोस'चा अर्थ समजावा, हे उत्तम.

येथेच आदरार्थाचा प्रश्न येतो. स्पॅनिशमध्ये 'तू' सलगीचा आणि 'उस्तेद' आदराचा. 'उस्तेद' जरी समोरच्या व्यक्तीसाठी असला तरी त्याचे सारे व्याकरण तृतीय पुरुषाचे आहे. म्हणून गुरुजींना किंवा भंतेजींना 'मी ते तुम्हाला देतो' असे म्हणावयाचे झाल्यास 'से लो दोय' म्हणावे. मुले घाईत 'ते लो दोय' म्हणतात. त्याचा मराठी अनुवाद 'मी ते तुला देतो' असा होतो, आणि वडीलधाऱ्यांना तसे म्हणणे आपल्या घरात किती खटकते ते सांगावयास नको. लहान सर्वनामातही मान ठेवावा लागतो.

आता जागा. काळ आणि पुरुष दाखवणारे क्रियापद असेल तर दोन्ही सर्वनामे त्याच्या आधी, सुटी. आज्ञा असेल तर क्रियापदाच्या मागे, जोडून : 'दामेलो', म्हणजे 'मला ते दे', 'दासेलो', म्हणजे 'त्याला ते दे'. पण 'देऊ नकोस' म्हणताना ती पुन्हा पुढे येतात : 'नो मे लो देस'. 'देणे' या अर्थाच्या मूळ रूपाला ती मागून जोडतात, 'किएरो दार्तेलो', म्हणजे 'मला ते तुला द्यायचे आहे'. किंवा दोन्ही उचलून पहिल्या क्रियापदाच्या आधी नेतात, 'ते लो किएरो दार'. दोन्ही शुद्ध. जोडीतील एक येथे आणि एक तेथे असे मात्र करता येत नाही. उचलली तर दोन्ही उचलावी लागतात. लिहिताना एक दक्षता हवी. 'दामे' या शब्दावर आघाताची खूण नसते, परंतु 'दामेलो' लिहिताना 'दा'वर ती द्यावी लागते. शब्द लांबला तरी आघात मूळ जागीच राहतो, आणि स्पॅनिश लेखनाच्या नियमाप्रमाणे शेवटून तिसऱ्या अक्षरावरील आघात नेहमी लिहून दाखवतात.

या सर्वनामांचे स्वतःचे वजन नसते. ती क्रियापदाच्या आधाराने उभी असतात. आपल्या शाळेत ज्यांनी पाली शिकली, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. सुत्तांच्या आरंभीच्या, मुलांना तोंडपाठ असलेल्या वाक्यातील 'मे' आठवावा. 'मी' किंवा 'माझ्याकडून' अशा अर्थाचा तो छोटा शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतो. पहिल्या जागी तो येत नाही. पालीतील 'मे, ते, नो, वो' आणि स्पॅनिशमधील 'मे, ते, नोस, ओस' हे दूरचे नातेवाईक आहेत, कारण दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. संस्कृतातही हे लघुशब्द वाक्यारंभी चालत नाहीत, असा पाणिनीचा नियम आहे. आणि मध्ययुगीन स्पॅनिशमध्येही तेच बंधन होते. तेव्हा वाक्याची सुरुवात 'मे लो द्यो' अशी होत नसे. क्रियापद पुढे घेऊन 'द्योमेलो' असे लिहीत. आज ते बंधन गेले आहे, परंतु जुना ग्रंथ वाचताना मागून चिकटलेली सर्वनामे दिसली तर दचकू नये.

अप्रत्यक्ष कर्माचा खरा विस्तार देण्यापुरता नाही, आणि मराठी विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. 'मी त्याच्याकडे पैसे मागितले' या वाक्यात आपण 'त्याला' म्हणत नाही, 'त्याच्याकडे' म्हणतो. स्पॅनिश म्हणते 'ले पेदी दिनेरो', आणि पैशांसाठी सर्वनाम आले की 'से लो पेदी'. 'मी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली' यात तर वस्तू उलट दिशेने जाते, तरीही स्पॅनिशमध्ये 'से ला किते'च. म्हणजे ज्याच्याकडे वस्तू येते तो आणि ज्याच्याकडून जाते तो, दोघेही याच सर्वनामात बसतात. दिशा क्रियापद सांगते. जेथे क्रियापदही सांगत नाही, तेथे वाक्य दुहेरी होते. 'ले कोंप्रे एल लिब्रो' याचा अर्थ 'मी त्याच्यासाठी पुस्तक विकत घेतले' असा होतो, आणि 'मी त्याच्याकडून पुस्तक विकत घेतले' असाही होतो. मराठी येथे चोख आहे. 'साठी' आणि 'कडून' यांत गल्लत होणे शक्य नाही. भाषांतर करणाऱ्याने अशा वाक्यापाशी संदर्भ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्यवहाराच्या कागदात विकणारा आणि ज्याच्यासाठी घेतले तो यांची अदलाबदल झाली तर ती निस्तरणे सोपे नसते.

शरीराच्या अवयवांविषयीही असेच. आपण 'मुलाचे हात धुतले' म्हणतो, स्पॅनिश 'मुलाला हात धुतले' अशा धाटणीने बोलते. आपल्या षष्ठीच्या जागी तिकडे अप्रत्यक्ष कर्म येते. पाली जाणणाऱ्याला हेही अगदी परके वाटू नये, कारण पालीत चतुर्थी आणि षष्ठी यांची रूपे बहुतेक एकच झाली आहेत. 'तस्स' म्हणजे त्याला आणि त्याचे, दोन्ही.

आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. 'ले दी एल लिब्रो आ पेद्रो' या वाक्यात पेद्रोचे नाव स्पष्ट आले आहे, तरी आरंभी 'ले' आहे. मराठीत 'त्याला पेद्रोला पुस्तक दिले' असे कोणी म्हणाले तर आपण हसू. स्पॅनिशमध्ये मात्र हा 'ले' बोलण्यात जवळजवळ नेहमी असतो. तो क्रियापदाला आधीच कळवतो की पुढे कोणी घेणारा येत आहे.

काही वाक्यांत 'से'नंतर 'मे' येताना दिसतो; तो या लेखातील 'से' नव्हे, पण त्याचा उल्लेख करावासा वाटतो. 'पेर्दी ला यावे' म्हणजे 'मी किल्ली हरवली'. 'से मे पेर्द्यो ला यावे' म्हणजे 'माझ्याकडून किल्ली हरवली'. पहिल्यात दोष पुरता आपल्या अंगावर येतो, दुसऱ्यात घडले ते हातून घडले, मनातून नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना या रचनेसाठी पानभर स्पष्टीकरण लागते. वसतिगृहात राहिलेल्या कोणत्याही मराठी मुलाला 'माझ्याकडून' या शब्दाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी थोडा सराव. उत्तर झाकून वाचावे.

'ती चिठ्ठी मला दे.' आज्ञा आहे, चिठ्ठी म्हणजे 'कार्ता' स्त्रीलिंगी, म्हणून 'दामेला'. 'त्याला ते पुस्तक देऊ नकोस.' नकार आहे, म्हणून सर्वनामे पुढे, आणि 'ले'चा 'से' : 'नो से लो देस'. 'गुरुजी, किल्ली तुम्हाला उद्या देतो.' आदराचा 'उस्तेद', किल्ली स्त्रीलिंगी : 'मान्याना से ला दोय'. 'पैसे त्यांनी आम्हाला दिले.' येथे सावध राहावे. आपले 'पैसे' अनेकवचनी, पण 'दिनेरो' एकवचनी आणि पुल्लिंगी, म्हणून 'नोस लो द्येरोन'. आणि 'लहान मुलाचे हात मी धुतले' यातील मूल आणि हात दोन्ही सर्वनामांनी सांगावयाचे. हाताला 'मानो' म्हणतात. शब्दाच्या शेवटी ओकार आहे म्हणून 'लोस' लिहिण्याचा मोह होतो, परंतु 'मानो' हा स्त्रीलिंगी शब्द आहे. उत्तर 'से लास लावे'.